तीन नंबरचा कागद

माझ्यावर कुणी कधी वशिल्याचा आरोप केला नाही. त्याचं कारण अगदी साधं होतं, वशिला लावायला मला माणूसच नव्हता. नवरा नाही, मूल नाही, कुठल्या संघात नाही, कुणाशी भांडण नाही. म्हणून अकरा हिवाळ्यांपूर्वी आमच्या वाल्गेसू गावच्या हॉलमधल्या लेखी सामान्यज्ञान स्पर्धेला परीक्षक हवा होता, तेव्हा सगळ्यांचं बोट माझ्याकडे वळलं. "हेल्वेला बसवा," कालयो म्हणाला होता. "तिचं कुणीच नाही." त्याने ते कौतुकाने म्हटलं होतं, आणि मीही ते कौतुक म्हणूनच घेतलं.

स्पर्धा चोख व्हावी म्हणून आमच्या लोकांनी काय काय केलं होतं ते आधी सांगते. ऑक्टोबर ते मार्च, महिन्यातून एक शनिवार. दुपारी दोनला सुरू करून पाचच्या आत संपवायचं, कारण त्यानंतर सगळ्यांना घरी जाऊन सौना, म्हणजे वाफेचं न्हाणीघर, तापवायचा असतो. आठ वाड्यांचे आठ संघ, प्रत्येकात चार माणसं. दारातच मशरूम गोळा करायची मोठी टोपली ठेवलेली असते, तिच्यात सगळ्यांनी आपापले फोन टाकायचे. पेनं हॉलची, सगळी एकाच निळ्या शाईची. कागदावर नाव लिहायचं नाही. एका जुन्या केसाळ टोपीत आठ चिठ्ठ्या असतात. जो नंबर निघेल तो कागदावर टाकायचा आणि चिठ्ठी खिशात ठेवायची, निकाल लागेपर्यंत कुणाला दाखवायची नाही. तीस प्रश्न. वेळ संपली की प्रश्न काढणारे आक्सेल मास्तर कागद गोळा करणार आणि कॉरिडॉरच्या टोकाला वाचनालयाच्या खोलीत मला आणून देणार. मी तिथे एकटी बसलेली, कुठला कागद कुणाचा हे मला ठाऊक नसणार. निकालानंतर सगळे कागद भिंतीवर टाचायचे, आणि ज्याला शंका असेल त्याने कॉफी संपेपर्यंत येऊन भांडायचं. कॉफी संपली की निकाल पक्का.

एवढं सगळं सुचलं, आणि एक गोष्ट कुणाच्याही डोक्यात आली नाही. मी एकतीस वर्षं या गावची पोस्टवाली होते.

वीर्वे दर महिन्याला फिनलंडला मुलीला पत्र लिहायची. तिची अक्षरं उजवीकडे कललेली आणि एकमेकांना चिकटलेली. कालयो रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल जिल्ह्याला तक्रारी पाठवायचा, पाकिटावरच्या पत्त्याखालीसुद्धा रागाने रेघ ओढून. आक्सेल मास्तर मासिकांच्या संपादकांना नकाशातल्या चुका कळवायचे, आणि त्यांच्या प्रत्येक K चा एक पाय पुढे आलेला असायचा, दारात बूट काढणाऱ्या माणसासारखा. पहिल्या शनिवारी मी पहिला कागद उचलला आणि मला कळलं, हा कालयोचा. मग दुसरा, मग तिसरा. आठही कळले. नंबर वाचायचीसुद्धा गरज पडली नाही.

मी तेव्हाच हॉलमध्ये जाऊन सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

का नाही, ते सांगायला मला आजही लाज वाटते. त्याच वर्षी आमचं पोस्ट बंद झालं होतं. एकतीस वर्षं प्रत्येक फाटकाशी माझी वाट बघितली जायची, आणि मग एका सोमवारी ती बघायचं कुणाला कारण उरलं नाही. लोक वाईट नाहीत आमच्याकडचे. फक्त कामाशिवाय कुणी कुणाकडे जात नाही. कामाशिवाय मी कोण, हे मला स्वतःलाही सांगता येत नव्हतं. अशात कुणीतरी म्हणालं, हेल्वेला बसवा. वर्षातले सहा शनिवार. त्या सहा दुपारी अख्खं गाव श्वास रोखून माझ्या खोलीच्या दाराकडे बघायचं. ते मी सोडलं नाही. मनाला समजावलं की ओळखणं वेगळं आणि झुकतं माप देणं वेगळं. मी आधी सगळ्या कागदांचं पहिलं उत्तर तपासायचे, मग सगळ्यांचं दुसरं, बाकीचं पुठ्ठ्याने झाकून. अकरा वर्षांत एक गुण इकडचा तिकडे केला नाही, असं मी स्वतःला सांगत आले.

या मार्चमधल्या शेवटच्या शनिवारी मात्र मला सकाळपासूनच धड काही सुचत नव्हतं. आमच्याकडे फिरता चषक आहे, सायीच्या जुन्या किटलीला दोन कान जोडून केलेला. जिंकेल त्याने वर्षभर ठेवायचा, पण सलग तीन हिवाळे जिंकला तर तो कायमचा त्या वाडीचा. जुनी डेअरी ही वाडी, म्हणजे कालयोचा संघ, दोनदा जिंकला होता. या वर्षी पाच शनिवारांनंतर जुनी डेअरी आणि वीर्वेची वाडी पवनचक्की यांचे गुण सारखे होते. आणि बरोबरी झाली तर चषक गेल्या वर्षीच्या विजेत्याकडेच राहतो, असा नियम.

चिखल तुडवत मी हॉलशी पोचले तेव्हा कालयो पायरीवर उभा राहून चषकावरून रुमाल फिरवत होता.

"हेल्वे, जरा बघ गं, कपाटात मावेल ना हा? बायको म्हणते कांदे ठेवू त्यात."

"अजून जिंकला नाहीस," मी म्हटलं.

"जिंकलो नाही, पण माप घ्यायला काय हरकत आहे?"

मागून वीर्वे आणि तिचा नवरा एन्देल आले. वीर्वेने टोपलीत फोन टाकला आणि कालयोकडे न बघता म्हणाली, "कांदे सोलताना रडायची सवय करून ठेव म्हणावं." एन्देल हसला, पण तिच्या बोटांना चाळा लागला होता. सहा हिवाळे ती दुसरी आली होती. अख्ख्या हॉलला तिने जिंकावं असं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

तीनच्या सुमारास आक्सेल मास्तर कागद घेऊन आले. दर वेळी टेबलावर ठेवून काहीतरी बोलतात, निदान थंडीबद्दल तरी. आज ठेवले आणि गेले. मी पुठ्ठा घेऊन बसले. भिंतीपलीकडे हॉलमध्ये ते उत्तरं वाचून दाखवू लागले. आमच्याकडे तशीच पद्धत आहे, इकडे मी तपासते आणि तिकडे लोक आपापले गुण मनात मोजत असतात. भिंत पातळ आहे. कोण आनंदला आणि कोण कळवळला, सगळं ऐकू येतं.

तेविसावा प्रश्न असा होता: मध्य आशियातला कोणता देश असा आहे की त्याला समुद्रकिनारा नाही आणि त्याच्या एकाही शेजाऱ्याला नाही? उत्तर, उझबेकिस्तान.

पलीकडून मास्तरांचा आवाज आला, "उझबेकिस्तान," आणि लगेच एन्देलचा विव्हळल्यासारखा सूर, त्यावर वीर्वे, "म्हटलं होतं मी. म्हटलं होतं की नाही?" कुणीतरी हसलं. मला वाईट वाटलं. म्हणजे पवनचक्कीचं हे चुकलं, मनात म्हटलं, आणि पुढचा कागद ओढला.

तो तीन नंबरचा होता, वीर्वेच्या हातचा. तेविसाव्या जागी तिने आधी उझबेकिस्तान लिहिलं होतं, ते खोडून किर्गिझस्तान लिहिलं होतं. मग किर्गिझस्तानवरही एक रेघ होती, आणि समासात दाटीवाटीने पुन्हा उझबेकिस्तान. शाई तीच निळी. फक्त तो शेवटचा शब्द कललेला नव्हता, आणि त्यातल्या K चा पाय पुढे आला होता.

मी पुठ्ठा बाजूला केला. खिडकीशी जाऊन पुन्हा बघितलं, चष्मा लावून आणि काढून. शंकेला जागाच नव्हती, आणि असावी असं मला मनापासून वाटत होतं.

पुढची सात उत्तरं मी कशी तपासली ते मला आठवत नाही. बेरीज केली. जुन्या डेअरीला पंचवीस. तीन नंबरला तो गुण धरला तर सव्वीस, सोडला तर पंचवीस. पुन्हा केली. तेच.

आणि मग मी कुठे अडकले आहे ते मला कळलं. एका कागदावर दोन हातांची अक्षरं असणं हा गुन्हा नाही, संघातलं कुणीही पेन घेऊ शकतं. एन्देल विव्हळला हे मी ऐकलं होतं, पण तीन नंबर एन्देलच्या संघाचा आहे हे मला माहीत असायलाच नको होतं. ते अक्षर मास्तरांचं आहे हेही मला माहीत असायला नको होतं. चोरी दाखवायची तर एकच वाट होती. मी तुम्हा सगळ्यांना अकरा वर्षं ओळखत आले आहे, हे आधी सांगायचं.

सांगितलं की खुर्ची गेली. नुसती खुर्ची नाही, मागचे अकरा निकालही गेले. कोण कशाला विश्वास ठेवेल?

दार उघडून आक्सेल मास्तर आत आले. "झाली का बेरीज?"

"दार लावून घ्या, मास्तर."

"का, वारा येतोय?"

"लावा म्हणते ना."

त्यांनी दार लावलं. मी कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि तेविसाव्या उत्तरावर बोट ठेवलं. "हे कुणी लिहिलं?"

"तीन नंबरने."

"तीन नंबरने किर्गिझस्तान लिहिलं होतं."

"मग बदललं असेल. लोक बदलतात." ते चष्मा पुसू लागले. "आणि तुला काय करायचंय? तू उत्तर बघ. बरोबर आहे ना? मग गुण दे."

"एकतीस वर्षं तुमची पाकिटं मी नेली आहेत."

ते पुसायचे थांबले. खोलीत लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्या आहेत, त्यातल्या एकीवर ते बसले. म्हातारा माणूस, गुडघे पार छातीशी आले. चाळीस वर्षं त्यांनी या गावाला भूगोल शिकवला, मलाही.

"म्हणजे तू सगळ्यांचंच अक्षर..."

"सगळ्यांचंच."

"पहिल्यापासून?"

"पहिल्या शनिवारपासून."

"देवा." ते जरासे हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "आणि आम्ही टोपीतून चिठ्ठ्या काढतोय."

"तुम्ही का केलंत हे?"

पलीकडे कपबश्या वाजत होत्या.

"मी टेबलांमधून फिरत होतो," ते म्हणाले. "वीर्वेने बरोबर लिहिलं होतं. आणि तो गाढव एन्देल तिला कुजबुजतोय, अगं, तिकडे अरल समुद्र आहे, मी सैन्यात असताना ताश्कंदहून सुटीत गेलो होतो, डोळ्यांनी जहाजं पाहिलीत. समुद्र आहे, मग किनारा कसा नाही? आणि तिने खोडलं. ते तळं आहे गं. नुसतं नाव समुद्र. आणि किर्गिझस्तानला चीन लागून आहे, चीनला केवढा समुद्र. कॉरिडॉरमध्ये कोट टांगतात तिथे उभा राहून मी कागद बघितला. बरोबर उत्तर लिहून खोडलेलं. चाळीस वर्षं मी तेच बघत आलो, पोरांना येत असतं आणि शेजारचा काहीतरी बोलतो म्हणून खोडतात. मी नवीन काही दिलं नाही, हेल्वे. त्यांचंच त्यांना परत दिलं."

"आणि तो चषक कालयोकडे गेला असता, ते?"

"तेही," ते म्हणाले. निदान खोटं बोलले नाहीत.

दारावर टकटक झाली. हॉलचं बघणारी पीरेत बाहेरूनच म्हणाली, "मावशी, लोक विचारतायत. केक संपला, आता कॉफीही संपेल."

"पाच मिनिटं," मी म्हटलं.

मास्तर पुढे झुकले. "ऐक. कुणाला काही कळायचं कारण नाही. गुण दे. सगळं गाव खूश होईल. तुझी खुर्ची तुझ्याकडे राहील. मी पुढच्या वर्षी प्रश्न काढत नाही, तब्येतीचं कारण सांगतो. तुझ्याबद्दलही मी कुठे बोलणार नाही."

ते धमकी देत नव्हते. पण त्या शेवटच्या वाक्याने मला पुढची वर्षं दिसली. आम्ही दोघं एकमेकांचं गुपित सांभाळत म्हातारे होणार, समोरासमोर आलो की हवापाण्याचं बोलणार. आणि खरं सांगते, मी हो म्हणणार होते. तोंडात आलं होतं.

"मास्तर," मी म्हटलं, "कागद भिंतीवर लागणार. वीर्वे बघायला येईल. जे तिने लिहिलं नाही ते तिला तिथे दिसेल. मग तिने काय करायचं?"

"गप्प बसेल. कोण बोलेल?"

"म्हणजे ती चषक घरी नेणार, आणि रोज त्याच्याकडे बघणार. किंवा बोलणार, आणि स्वतःच्या हाताने तो कालयोला देणार. तुम्ही तिला विचारलंत का, यातलं काय हवंय?"

मी पेन घेतलं, तेविसाव्या जागी शून्य टाकलं आणि कागद गोळा केले. उठले आणि दार उघडलं. मास्तर त्या बुटक्या खुर्चीवरून धडपडत उठले आणि माझ्या मागोमाग आले. निघून गेले असते तर मी त्यांना दोष दिला नसता.

हॉलमध्ये काळ्या पावाचा आणि खारवलेल्या मासळीचा वास भरला होता. मी पुढे उभी राहिले तशी सगळी शांत झाली. मी कागद टेबलावर ठेवले.

"तीन नंबरला पंचवीस," मी म्हटलं. "सहा नंबरला पंचवीस. पहिल्या दोघांची बरोबरी. भिंतीवर तुम्हाला तीन नंबरचं एक उत्तर बरोबर दिसेल आणि त्याला गुण दिलेला नसेल. ते उत्तर त्या संघाने लिहिलेलं नाही."

"मग कुणी लिहिलं?" कालयो.

"मी," मास्तर मागून म्हणाले. "कॉरिडॉरमध्ये."

मग वीर्वे उठली. मला वाटलं होतं ती मास्तरांवर चिडेल. ती चिडली, पण वेगळ्याच गोष्टीवर. "मला येत होतं, मास्तर," ती म्हणाली. "मी ते खोडलं. ती माझी चूक होती. तीसुद्धा तुम्ही माझ्याकडे राहू दिली नाहीत." आणि खाली बसली. एन्देल टेबलाकडे बघत होता.

कालयोने मात्र माझ्याकडे बघितलं. तो मूर्ख नाही. "थांब जरा. मास्तरांनी लिहिलंय हे तुला कसं कळलं?"

मी दोन्ही हात टेबलावर टेकले. "अक्षरावरून. मला तुमची सगळ्यांची अक्षरं येतात. कुठला कागद कुणाचा ते मला अकरा वर्षं कळतंय. पहिल्या दिवसापासून. मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही मला इथे बसू दिलं नसतं."

त्यानंतर जे झालं त्याला गोंधळ म्हणता येणार नाही. आमच्याकडे लोक आरडाओरडा करत नाहीत. मागच्या टेबलावरची एक बाई म्हणाली, "म्हणजे आम्हाला एकदा चार गुण पडले होते तेव्हाही तुला माहीत होतं, ते आम्हीच?" मी हो म्हटलं. ती लाल झाली. वर्षभर दुकानात मी तिच्याशी हसून बोलत होते, ते तिला आठवलं असणार. एकेकाच्या चेहऱ्यावर तेच दिसत होतं, प्रत्येक जण आपापला वाईट कागद आठवत होता. कालयोने चषक उचलून काखेत घेतला. जिंकलो वगैरे काही म्हणाला नाही. टोपलीतून फोन काढताना सगळे एकमेकांना वाट देत होते, जास्तच सभ्यपणे. दर वेळी कुणीतरी मला गाडीतून सोडतं. त्या दिवशी मी चालत गेले, आणि घरी जाऊन सौना तापवला नाही.

उन्हाळा कसा गेला ते सांगण्यासारखं नाही. दुकानात बोलणं व्हायचं, बटाट्यांबद्दल, पावसाबद्दल. आक्सेल मास्तर दिसले की वळण घेऊन जायचे, आणि मला ते बरंच वाटायचं.

ऑक्टोबरात पीरेत दारात आली. प्रश्न शेजारच्या तालुक्यातून मागवले होते आणि वाचणार ती स्वतःच होती. परीक्षकाला मात्र कुणी तयार नव्हतं. "कुणालाच नकोय, मावशी. पण लोकांनी त्यावर उपाय काढलाय," ती म्हणाली. "तुम्ही याच."

मी गेले, आणि गेले याची लाज वाटली तरी गेले. पीरेतने कागद आणून दिले तेव्हा उपाय काय ते कळलं. आठही कागद मोठ्या, सुट्या, छापील अक्षरांत लिहिले होते, एकेक अक्षर रेखून काढलेलं, शाळेतल्या पाटीवरच्यासारखं. तीस प्रश्नांना केवढा वेळ लागला असेल. माझ्यापासून लपण्यासाठी बत्तीस माणसांनी एवढे कष्ट घेतले होते. मला रडू आलं.

मग मी डोळे पुसून नीट बघितलं. पार्सलांवर, मनीऑर्डरीवर लोक छापील अक्षरांतच पत्ते लिहितात. एकतीस वर्षं मी तेही वाचलं होतं. तिसऱ्या ओळीपर्यंत मला आठही माणसं कळली.

मी तशीच बसून राहिले. कुणाला कधी कळलं नसतं. त्यांनी उपाय केला होता, त्यांचं समाधान झालं होतं, मी पुन्हा खुर्चीवर होते. त्या दहा मिनिटांत जेवढी भीती वाटली तेवढी मार्चमध्येही वाटली नव्हती, कारण तेव्हा मला कुणीतरी पकडू शकलं असतं.

कागद उचलून मी हॉलमध्ये गेले. "याही अक्षरांत ओळखते मी," मी म्हटलं, आणि एकेक कागद ज्याच्या त्याच्या टेबलावर ठेवत गेले. आठही बरोबर पोचले.

वीर्वेने आपला कागद हातात घेतला. मार्चनंतर पहिल्यांदा ती माझ्याशी सरळ बोलली. "एक सांग. अकरा वर्षांत, ओळखत असताना, एकही गुण इकडचा तिकडे केला नाहीस?"

"नाही" हे उत्तर माझ्याकडे अकरा वर्षं तयार होतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मला वाटतं नाही. पण माहीत नाही."

कालयो उठला. त्याने आपला कागद शेजारच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि त्यांचा आपल्याकडे घेतला. "तपासा आमचा," तो म्हणाला. "आम्ही तुमचा तपासतो. इथेच, सगळ्यांसमोर." हळूहळू सगळी टेबलं तसंच करू लागली. मी मधे उभी होते आणि माझ्याकडे द्यायला कुणाकडे काही नव्हतं. कोट आणायला मी वाचनालयाच्या खोलीत गेले. पीरेतने तिथला दिवा आधीच बंद केला होता.

नोव्हेंबरात मी घरीच राहणार होते. पण शनिवारी दीड वाजता माझे पाय आपोआप चिखलात उतरले. हॉलच्या मागच्या भिंतीशी एका टेबलावर आक्सेल मास्तर एकटेच बसले होते. नुसते ऐकायला आले असावेत, त्यांच्याजवळ कुणी बसत नव्हतं. मी त्यांच्यासमोर बसले. पीरेत टोपी घेऊन टेबलांमधून फिरत होती. आमच्याशी थांबली, एका कोऱ्या कपट्यावर नऊ लिहिलं आणि टेबलावर ठेवलं. "चार माणसं लागतात," मी म्हटलं. "जास्तीत जास्त चार," ती म्हणाली. "कमीचं कुठे लिहिलंय?"

मास्तरांनी पेन माझ्याकडे सरकवलं. "तू लिही."

भूगोल त्यांनी सांगितला. बाकीचं मला जे येत होतं ते मी लिहिलं, आणि मला फार थोडं येतं हे त्या दुपारी कळलं. आमचा कागद तपासायला कालयोच्या टेबलावर गेला. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी त्याच्या पेनावरून माझी नजर हलेना. अठ्ठाविसाव्या उत्तरापाशी तो थांबला, आमच्याकडे एकदा बघितलं, आणि रेघ मारली. कागद भिंतीवर लागल्याबरोबर मी कॉफी टाकून धावत गेले आणि नाक लावून ते उत्तर वाचलं. त्याने गुण बरोबरच कापला होता.